सात नंबरच्या दोघी

९ फेब्रुवारी २०२५

मोठे,

राम राम. अकरा वर्षांनी लिहिते आहे, तर आधी खुशाली विचारायला हवी. पण तुझी मला इकडून तिकडून कळत असते आणि माझी तू कधी विचारली नाहीस, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

काल मला हिंगोलीहून नोटीस आली. तुझ्याच खात्याची. पोलिसात खेळाडूंच्या कोट्यातून लागलेल्यांची प्रमाणपत्रं पुन्हा तपासणं चालू आहे आणि तुझ्याविरुद्ध कुणीतरी अर्ज केला आहे. अर्जाला एक फोटो जोडलाय. दोन हजार दहाच्या राज्य स्पर्धेत आपण खो-खोत तिसऱ्या आलो, तेव्हाचा. त्यात मुली बारा आहेत आणि संघाच्या यादीत नावं अकरा. ही बारावी कोण, ते सांगायला अठ्ठावीस तारखेला सकाळी अकरा वाजता हजर राहा म्हणतात.

नोटीस आमच्या ह्यांनी तीनदा वाचली. ‘शितल वसराम राठोड यांच्या चौकशीकामी शितल वसराम राठोड यांनी उपस्थित राहावे.’ मला म्हणाले, “तुहीच चौकशी अन् तूच साक्षीदार? हे काय लिवलं हाय?” त्यांचंही बरोबर आहे. एका तांड्यात दोन वसराम राठोड, दोघांना एकाच साली पोरी झाल्या आणि दोघांनी शितलच नाव ठेवलं. तू चार महिने आधीची म्हणून मोठी, मी धाकटी. तांड्याला तेवढं पुरत होतं. कागदाला नाही पुरलं.

साहेबाला हे सगळं कसं सांगावं याची मनात तालीम करते आहे. तुझ्यावरच करून बघते. चुकलं तर सांग.

साहेब, आम्हाला खो-खो शिकवणाऱ्या कोंडीबा सरांनी यादीत बाराही जणींची नावं लिहिली होती. शितल वसराम राठोड, आणि खाली पुन्हा शितल वसराम राठोड. स्पर्धेच्या ऑफिसात कुण्या हुशार माणसाला वाटलं, मास्तरांनी चुकून एकच नाव दोनदा लिहिलं. त्याने लाल पेनाने खालचं खोडलं. सकाळी मैदानावर गेलो तर ओळखपत्र एक, सात नंबरचा शर्ट एक आणि आम्ही दोघी. सरांनी तिथल्या लोकांच्या हातापाया पडून पाहिलं. कुणी ऐकेना. मोठी म्हणजे पाठलागातली आमची सगळ्यात भारी पोरगी, खांबावर सूर मारायची तर बघणारे उठून उभे राहायचे. मी पळतीची. दोघींतली एक बसवली की अर्धा संघ बसल्यासारखं. मग सरच म्हणाले, “नाव तर एकच हाय ना? मंग एकीनं पाठलाग करायचा, दुसरीनं पळायचं.” पाठलागाची पाळी संपली की आम्ही तंबूमागे शर्ट बदलायचो. तीन दिवस, पाच सामने. पंचांना तांड्याच्या पोरी सगळ्या सारख्याच दिसल्या. एरवी त्याचा राग येतो, त्या तीन दिवसांत सोय झाली.

असं सांगितलं तर तुझं काय होईल ते मला कळतं. म्हणून आधी तुला लिहिलं. फोन करत नाही, तुझ्या फोनवर आता कोणाकोणाचे कान असतील. पोस्टातही टाकत नाही. तुझा भाऊ भावसिंग सोमवारी औंढ्याच्या बाजाराला येतो, त्याच्या हाती देते.

तू काय म्हणतेस ते कळव.

धाकटी

ता. क. तुमच्या खात्याच्या स्मरणिकेतला तुझा लेख आपल्या संघातल्या पुजाने मला फोनवर पाठवला होता. ‘खेळाने मला घडवले.’ पंधरा जणींची तुकडी सांभाळतेस म्हणे. फोटोत कडक दिसतेस. लेखात कोंडीबा सर आहेत, मैदानातली माती आहे, तुझी आई बेबीबाई भाकरी बांधून देते तेही आहे. मी दोनदा वाचला, म्हटलं नजरेतून सुटलं असेल काही. नव्हतं सुटलं.

१८ फेब्रुवारी

मोठे,

पत्राचं उत्तर पत्राने द्यायचं असतं. तू भावसिंगला पाठवलंस.

तो आला तेव्हा मी जवळा शिवारात हळद शिजवायच्या कुकरपाशी होते. बिचारा वाफेत डोळे चोळत उभा. “धाकटी बाई, मोठी बाई लई टेन्शनमंधी हाय. रातभर जागून राहिली. तुमी एवढं सांभाळून घ्या.” मी म्हटलं, काय सांभाळू? तर म्हणाला, “तुमच्या वैष्णवीला मोठी बाई खेळाच्या सरकारी हॉस्टेलात लावून देनार हाय. तिची वळख हाय तिथं.”

मला इतका राग आला की हातातलं फावडं मी जमिनीवर आपटलं. माझी लेक पाचवीत आहे, चांगली पळते, आणि ते तुला भावसिंगकडूनच कळलेलं असणार. तिच्या पळण्यावर तू माझं तोंड बंद करणार? अकरा वर्षांत तिला एक फ्रॉक पाठवला नाहीस, आता एकदम हॉस्टेल? त्याला म्हटलं, “जाऊन सांग तुह्या बहिणीला, मी साक्ष काय द्यायची ते मी ठरवीन. अन् पोरीचं नाव पुन्यांदा काढायचं न्हाई.” पोरगं घाबरून पाणीसुद्धा न पिता गेलं. त्याची चूक नव्हती. तेवढं त्याला सांग.

तू गेल्यावर मी काय केलं, हे तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. माझीही तुकडी आहे. चौदा बायका. हळद काढणं, शिजवणं, वाळवणं, औंढ्यापासून कळमनुरीपर्यंत. गणवेश नाही आणि आमच्यावर कुणी स्मरणिका काढत नाही, बाकी काम तुझ्यासारखंच. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला दिवस गेलेत, कोणाला काल नवऱ्याने मारलं, हे सगळं सकाळी सातला मनात मांडून मग बायका कामाला लावायच्या.

दोन वर्षांमागे आमच्यातल्या द्वारकाबाईचा हात भाजला. कुकरचं झाकण उघडताना वाफ अंगावर आली, कोपरापर्यंत कातडी गेली. ती दोन तासांपासून तिथेच उभी होती. चक्कर येत होती, पण मला बाजूला करा असं बोलली नाही. आपल्या बायका बोलत नाहीत. मी थकले म्हणणं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं. त्यानंतर चौघी सोडून गेल्या, कुकरवाला म्हणाला, आता गडीच आणतो. मी आठ दिवस घरोघर फिरले. चारपैकी तिघींनी दारातूनच परत पाठवलं. पुन्हा गेले. पुन्हा नाही म्हणाल्या, पुन्हा गेले. शेवटी आल्या त्या माझा कंटाळा येऊन आल्या असतील.

तेव्हा मी एक नियम केला. कुकरपाशी उभी असलेलीने बदली मागायची नाही. तिच्या मागे जी असेल तिने नजर ठेवायची, पाठीवर हात मारायचा आणि ‘खो’ म्हणायचं. हात पडला की तिने तिथून हलायचं, एका शब्दाने हुज्जत घालायची नाही. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. द्वारकाबाई म्हणाली, “म्या काय लेकरू हाय का आता खो-खो खेळाया?” आता तीच सगळ्यात जोरात ओरडते. त्यानंतर एकीलाही भाजलं नाही.

तू लेखात लिहिलंस की खेळाने पडून उठायला शिकवलं. मोठे, पडून उठायला आपल्या आयांनाही येत होतं, त्या कोणत्या मैदानावर गेल्या होत्या? मला खेळाने बसून राहायला शिकवलं. सरावात रांगेत बसलं की पळणारी हातभर अंतरावरून जाते, पाय शिवशिवतात, तरी मागून हात पडल्याशिवाय उठायचं नाही. ती सवय अंगात मुरली. संसारातही मुरली, आणि त्याचं भलं झालं की वाईट हे मला अजून नीट सांगता येत नाही.

थकले आहे. आज अकरा कुकर झाले. महाशिवरात्रीच्या आत ही वाडी उरकायची आहे, नंतर औंढ्याच्या यात्रेच्या गर्दीत ट्रॅक्टर निघत नाही.

साक्षीला दहा दिवस आहेत. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. धमकी म्हणून लिहीत नाही, खरंच ठरवलेलं नाही.

धाकटी

२३ फेब्रुवारी

मोठे,

काल रात्री पुजाचा फोन आला. आपल्या संघातली एवढी एकच मला फोन करायची, तीही दिवाळीला. तिचीही मास्तरकी याच प्रमाणपत्रावर लागलेली, हे मी विसरूनच गेले होते.

म्हणाली, “शितल, आमा साऱ्याजणींची साक्ष झाली. साऱ्यांनी अकराच सांगितलं. एका शर्टात दोघी खेळल्या हे भायर आलं तर समद्या संघाचं रद्द होतं. माझं बी जातं. कोमलचं बी.”

मी विचारलं, “अन् फोटोतली बारावी?”

ती म्हणाली, “पानी देनारी म्हनलो. मोठीच्या तांड्याची पोरगी हाय, पानी द्यायला संगं आल्ती, असं. काय करू माय, दुसरं सुचलंच न्हाई कोनाला.”

दहा जणी, मोठे. दहाही जणींनी हिंगोलीला जाऊन सह्या केल्या की मी पाणी देणारी होते. फोन ठेवल्यावर मी ओट्यावर बसले होते. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, हळदीची वाफ लागली.

सर असते तर त्यांना विचारलं असतं. ते जाऊन तीन वर्षं झाली. आता हे खरं सांगू शकतील अशा दोघीच उरल्या, तू आणि मी. आणि त्यातलीही एक गोष्ट तुला माहीत नाही. ती आज सांगते. आमच्या ह्यांनाही माहीत नाही.

प्रमाणपत्र आलं तेव्हा सरांनी ते आपल्याला दिलं नव्हतं. आठवतं? म्हणाले होते, “कागद एक, पोरी दोन. माझ्या कपाटात राहू द्या. जिला लागंल तिनं दुसरीला संगं घेऊन यावं, दोघींनी वहीत सही करावी अन् घेऊन जावं.” आपण मान हलवली. दोन हजार बारात माझं लग्न झालं, इकडे आले. दोन हजार चौदात पोलिसात भरती निघाली. आणि एक दिवस तांड्यावरून पेढे आले, मोठी शितल पोलिसात लागली म्हणून. मी पेढा खाल्ला नाही. सगळ्यांना सांगितलं की मोठीने मला फसवलं, मला न विचारता कागद नेला. माहेरी आले तरी तुझ्या दारावरून मान फिरवून गेले. तुझी आई हाक मारायची, मी ओ दिली नाही. अकरा वर्षं मी हेच सांगत आले आणि लोकांनी माझी कीव केली.

आता पुढचं ऐक. सरांच्या वहीतल्या त्या सह्या मी पाहिल्या आहेत. पेढे यायच्या किती तरी आधी.

भरतीची जाहिरात मीही वाचली होती. वैष्णवी सहा महिन्यांची होती. मी पहाटे उठून, छातीला फडकं घट्ट बांधून, पांदीच्या रस्त्याने पळायची. ह्यांना सांगितलं, अंग हलकं व्हायला पळते. मग एका सोमवारी माहेरी जाते सांगून निघाले आणि तांड्यावर न थांबता थेट आखाडा बाळापूरला सरांच्या घरी गेले. एकटी. तुला निरोपसुद्धा दिला नव्हता. सर विचारतील, मोठी कुठे? तर सांगायचं ठरवलं होतं की ती आजारी आहे, मला सही करायला सांगितलंय. सही काय, नाव तर एकच.

सर मला पाहून चकित झाले. “अरे, तू तर नेलंस ना? गुरुवारी तुम्ही दोघी...” मग त्यांनीच वही काढली. एकाखाली एक दोन सह्या. शितल व. राठोड. शितल व. राठोड. दुसरीतला ‘ठ’ तू मुद्दाम माझ्यासारखा काढला होतास. सर त्या गुरुवारी घरी नव्हते, त्यांच्या बायकोने कपाट उघडून दिलं होतं. सरांना नंतर वहीत दोन सह्या दिसल्या, त्यांचं समाधान झालं.

मी सरांना म्हटलं, “व्हय सर, आमी दोघीच आल्तो. मी नुसती भेटाया आले.” चहा घेतला आणि परत आले. येताना गाडीत पोरगी रडत होती, मी तिला पाजलं नाही, इतका राग आला होता. पण तो कशाचा होता, हे लिहायला अकरा वर्षं लागली. तू मला फसवलंस याचा नव्हता. मी जे करायला निघाले होते ते तू चार दिवस आधी केलंस, याचा होता.

बस. हे आता तुझ्याकडे राहू दे.

धाकटी

२ मार्च

मोठे,

परवा जाऊन आले. यात्रेची गर्दी अजून ओसरली नव्हती, हिंगोलीला पोहोचायलाच सव्वाअकरा झाले. साहेब भला माणूस होता. बस म्हणाला, पंखा लावला. टाईप करायला एक मुलगी होती, वैष्णवीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल.

त्याने फोटो पुढे ठेवला आणि कडेच्या मुलीवर बोट ठेवलं. “ह्या तुम्हीच ना?”

“व्हय साहेब.”

“संघात होतात?”

“न्हाई.”

“मग फोटोत कशा?”

“पानी द्यायला गेल्ते, साहेब. आमच्या तांड्याची शितल खेळायली होती, तिच्यासंगं.”

“तुमचंही नाव तेच. तुम्ही कधी खो-खो खेळलात? शाळेत वगैरे?”

मी फोटोकडे पाहिलं. साहेबाने वर पाहिलं. ती टाईप करणारी मुलगीही थांबली. म्हटलं, “न्हाई साहेब. कधीच न्हाई.”

त्याने जबाब वाचून दाखवला. ‘सदर महिलेने कधीही खो-खो हा खेळ खेळलेला नाही.’ मी सही केली, शितल प्रेमदास चव्हाण. बाहेर आले, उसाचा रस घेतला, बस पकडली. घरी वैष्णवी विचारत होती, “आई, तुह्या म्याचचं काय विचारलं?” तिला मी सामन्याच्या गोष्टी सांगितलेल्या आहेत. तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, त्या गोष्टी माझ्या नव्हत्या, मोठ्या शितल मावशीच्या होत्या, मी तुला गंमत म्हणून माझ्या करून सांगायची. ती जेवली आणि झोपली. कालपासून माझ्याशी जपून बोलते आहे. याची भरपाई तू करू शकत नाहीस, तेव्हा प्रयत्नही करू नको.

तुझ्यावर उपकार म्हणून केलं नाही. चार दिवस मी आधी गेले असते, तर आज तू त्या खुर्चीत असतीस. तुझ्याकडून मी हीच साक्ष मागितली असती.

आता कामाचं. साहेब बोलता बोलता म्हणाला की जुनं गुणपत्रक सापडलंय. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात सात नंबर शेवटच्या पाळीत चार मिनिटं दहा सेकंद नाबाद, असं त्यात आहे. तुझी सुनावणी वीस तारखेला आहे, तेव्हा त्या पळतीबद्दल तुला विचारणार. पाठलागाचं तू सांगशील. पण पळतीच्या वेळी तू तंबूमागे माझ्या शर्टात बसलेली होतीस, तुला काहीच दिसलं नव्हतं. आणि नंतर मी तुला कधी सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. म्हणून लिहिते. नीट पाठ कर.

तू शेवटच्या तुकडीत होतीस. पुजा आणि कोमल तुझ्याबरोबर उतरल्या, दोघी पटापट बाद झाल्या. समोरच्यांना एकच गडी हवा होता. मैदानात तू एकटी आणि चार मिनिटं दहा सेकंद बाकी. शर्ट आधीच ओला होता, तुझ्याच घामाने.

पहिलं मिनिटभर तू साखळी खेळलीस, एकीआड एक, दोघी बसलेल्यांच्या मधून. घाई केली नाहीस. त्यांच्यात तीन नंबरची एक उंच पोरगी होती, पायात बूट, तिचा श्वास ऐकू यायचा. ती उठली की तू पहिल्या खांबाकडे जायचीस, कारण तिकडे ऊन तिच्या डोळ्यांवर यायचं. हे सरांनी शिकवलेलं नाही, तुला तिथेच सुचलं. तसंच सांग.

दुसऱ्या मिनिटाला डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख निघालं. तू खाली पाहिलं नाहीस. तिसऱ्या मिनिटाला त्या उंच पोरीने खांबावरून सूर मारला. तू कंबर वाकवून आत घेतलीस. तिचा हात तुझ्या पाठीमागून खाली गेला आणि तिच्या मुठीत माती आली. ती मुठीकडे बघत राहिली, तेवढ्यात तू पार दुसऱ्या टोकाला होतीस. लोक ओरडत होते. तुला काही ऐकू येत नव्हतं, फक्त सर मोठ्याने सेकंद मोजत होते ते येत होतं. शेवटची तीस-चाळीस सेकंदं तू काय केलंस ते तुला आठवत नाही. विचारलं तर आठवत नाही असंच सांग, ते खरं वाटेल, कारण ते खरं आहे.

शिट्टी झाली तेव्हा तू उभी होतीस. मग कुणी खांद्यावर घेतलं, कुणी उतरवलं. तुला आनंद झाला की नाही हे समजायच्या आत तुला तहान लागली. तू तंबूमागे आलीस. तिथे एक पोरगी तांब्या घेऊन उभी होती, तुझ्याच वयाची.

ती मी होते. तुला पाणी मी दिलं.

शितल प्रेमदास चव्हाण